रिवाइंडचं बटण काढून टाका

रॅलीच्या गेमबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की ते तीन प्रश्नांत आटोपतं. गाड्या किती आहेत? ग्राफिक्स कसे आहेत? माझ्या मशीनवर चालेल का? तिसरा प्रश्न रास्त आहे, ग्राफिक्स कार्डांच्या किमती बघून आपल्यापैकी बहुतेकांचे डोळे पांढरे होतात. पण पहिले दोन प्रश्न रॅलीच्या गेमला विचारणं म्हणजे कीर्तनाला जाऊन मंडप किती बाय कितीचा आहे ते मोजत बसणं. गेम बनवणाऱ्या कंपन्यांना मात्र हेच प्रश्न आवडतात. मंडप पैसे टाकून मोठा करता येतो. बुवा चांगला मिळवणं अवघड.

तेव्हा मी सरळ बाजू घेऊन बोलतो. रॅलीचा चांगला गेम तो, जो तुम्हाला न दिसणाऱ्या रस्त्यावर, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून गाडी सोडायला लावतो, आणि तुम्ही चुकलात तर ‘चुकलात’ एवढंच म्हणतो. बाकी सगळं, म्हणजे अधिकृत परवाने, गाड्यांची यादी, काचेवर ओघळणारे पावसाचे थेंब, हे फरसाण आहे. फरसाण मलाही आवडतं. पण नुसत्या फरसाणाला मिसळ म्हणून विकलं जात असेल तर मी गल्ल्यावर जाऊन भांडणार.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू, कारण रॅली आणि रेस यांची गल्लत नेहमी होते. ट्रॅकवरच्या रेसमध्ये सगळ्या गाड्या एकदम सुटतात आणि तीच दहा-पंधरा वळणं पन्नास-साठ वेळा घेतात. शेवटच्या फेरीपर्यंत ती वळणं अंगात मुरलेली असतात. रॅलीत वाहतुकीसाठी बंद केलेला खराखुरा रस्ता असतो. जंगलातला, डोंगरातला, शेतांमधून जाणारा. गाड्या दोन-तीन मिनिटांच्या अंतराने एकेक सोडतात. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, भांडण फक्त घड्याळाशी. रस्त्याच्या अशा एका तुकड्याला स्टेज म्हणतात. स्पर्धेच्या आधी चालक आणि सहचालक साध्याशा गाडीतून, ठरवून दिलेल्या वेगमर्यादेत, प्रत्येक स्टेज दोनदा बघून येतात. चालक वळणाचं वर्णन करतो, सहचालक ते वहीत उतरवून घेतो. या लिखाणाला पेस नोट्स म्हणतात. मग स्पर्धेच्या दिवशी सहचालक मान खाली घालून ती वही वाचत जातो आणि चालक ऐकत जातो.

हे फार परदेशी वाटत असेल तर आपल्या गल्लीत रिव्हर्स येणारा ट्रक आठवा. मागे उभा राहून किन्नर ओरडत असतो, ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!’ ड्रायव्हरला मागचं भिताड दिसत नसतं. त्याला फक्त तो आवाज दिसत असतो. एसटीचा ड्रायव्हरही मागे न बघता डबल बेलवर गाडी सोडतो. आता हाच किन्नर शेजारच्या सीटवर बसवा, गाडी पुढच्या दिशेने ताशी दीडशेच्या वेगात घाला, आणि त्याला टेकडीपलीकडच्या वळणाबद्दल बोलू द्या. झाली रॅली.

या बोलण्याची स्वतःची एक भाषा आहे, आणि साहित्याच्या वेबझिनमध्ये गेमवर लिहायला मी धजावलो तो या भाषेमुळेच. बहुतेक इंग्रजी गेममध्ये वळणांना आकडे असतात. एक म्हणजे जवळजवळ थांबून घ्यायचं वळण, सहा म्हणजे पाय फारसा न उचलता निघून जायचं. त्याला विशेषणं जोडली जातात. ‘डावं चार, आवळतंय, कापू नको, माथ्यावरून उजवं तीन.’ आठ-दहा शब्द. त्यात वळणाची दिशा आहे, त्याचा स्वभाव आहे (सुरुवातीला सोपं वाटेल, नंतर गळा धरेल), आतल्या बाजूला दगड आहे अशी ताकीद आहे, आणि पुढे रस्ता दिसणार नाही अशा जागी काय करायचं तेही आहे. एक शब्द जास्त झाला तर पुढचं वळण निघून जातं. अनुभवी वाचक बोलायला घेतो तेव्हा तुम्ही पहिल्या वळणात शिरत असता आणि तो तिसऱ्याबद्दल सांगत असतो. म्हणजे हात एका वाक्यावर काम करतायत, कान दुसऱ्या वाक्यावर. फोनवर दोन ओळी वाचून अंगठा वर सरकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला इतकं सलग ऐकायला दुसरं काहीही लावत नाही.

म्हणून गेम पारखताना माझा पहिला निकष हा आवाज. गाडीचा नव्हे, शेजारच्याचा. १९९८ साली कोडमास्टर्सने ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ काढला तेव्हा त्यांनी एक शहाणपणा केला. मॅक्रेच्या शेजारी खऱ्या गाडीत बसणाऱ्या निकी ग्रिस्टचाच आवाज घेतला. ‘डर्ट रॅली २.०’मध्ये फिल मिल्स बोलतो. २००३ साली पेटर सोलबर्ग जगज्जेता झाला तेव्हा शेजारच्या सीटवर तोच होता. या लोकांच्या बोलण्यात एक कोरडेपणा असतो. ते तुम्हाला प्रोत्साहन देत नाहीत, ‘वा, काय घेतलंस’ म्हणत नाहीत. वळण कठीण असेल तर स्वर किंचित चढतो, तेवढीच दया. याउलट ‘सेगा रॅली’च्या जुन्या आर्केड मशीनमधला आवाज वळणाचं वर्णन करून पुढे चक्क ‘मेबी’ म्हणायचा. त्यावर आजही विनोद होतात, आणि व्हायलाच हवेत. ‘येऊ द्या, बहुतेक’ असं म्हणणाऱ्या किन्नराच्या भरवशावर कोण ट्रक मागे घेईल?

आता यावर एक पळवाट बहुतेक सगळ्याच गेमने काढून ठेवलेली आहे. स्क्रीनच्या वरच्या बाजूला बाण दाखवायचे. पुढचं वळण उजवीकडे, लाल रंग, म्हणजे सावध. हे बाण बंद करा. ते चालू असले की तुम्ही ऐकणं सोडून वाचू लागता आणि नजर रस्त्यावरून उठून वर जाते. आणि कृपा करून फोन म्यूट ठेवून रॅलीचा गेम खेळू नका. लोकलमध्ये बाजूवाल्याला त्रास नको म्हणून म्यूट, हे सौजन्य मला मान्य आहे, पण मग त्या वेळात लुडो खेळावं. तिथे आवाजाची गरज नाही.

दुसरा निकष जमीन. इथे मला सेगाचं कौतुक केलं पाहिजे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आलेल्या त्या गेममध्ये मोजून चार रस्ते होते, पण डांबरावरून मातीत उतरलं की गाडी वेगळी वागते हे त्याने आर्केडमध्ये नाणी टाकणाऱ्या पोरांना हाताने समजावून दिलं. रॅलीच्या गाडीचं सगळं नाटक वजनाच्या सरकण्यात आहे. पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला की वजन पुढे येतं, पुढची चाकं जमिनीत रुततात, मागची हलकी होतात आणि शेपूट सुटायला लागतं. खडीवर वळण घ्यायचं ते या सुटण्याचा वापर करून. फिनलंड-स्वीडनकडचे चालक तर उजवं वळण घेण्याआधी गाडी क्षणभर डावीकडे झुलवतात, म्हणजे परत येताना वजन स्वतःच तिला वळवतं. बर्फात अरुंद, खिळे मारलेले टायर बर्फ चावत जातात, आणि रस्त्याकडेच्या बर्फाच्या भिंतीला गाडीचा ढुंगणाचा भाग टेकवून वळण काढता येतं. जरा जास्त टेकलात की भिंत तुम्हाला आत ओढून घेते. माँटे कार्लोत एकाच स्टेजवर कोरडं डांबर, ओलं डांबर आणि सावलीतला काळा बर्फ असतो, आणि टायर मात्र आधीच निवडून ठेवायचे असतात.

हे सगळं ज्या गेममध्ये हाताला कळतं तो चांगला. त्यासाठी हजारो रुपयांचं स्टिअरिंग लागतं असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. साध्या कंट्रोलरवरही कळतं, कारण जमिनीची जाणीव सर्वात आधी येते ती गाडी तुमचं किती उशिरा ऐकते यावरून. ज्या गेममध्ये गाडी तुमचं नेहमी, लगेच आणि सगळंच ऐकते, तिथे खाली जमीन नाहीच. तिथे नुसतं रंगवलेलं पडद्याचं कापड आहे.

आता मूळ भांडणाकडे येतो.

२००८ साली कोडमास्टर्सने ‘ग्रिड’ या रेसिंग गेममध्ये फ्लॅशबॅक नावाची सोय आणली. आपटलात, तर बटण दाबून काळ काही सेकंद मागे न्यायचा आणि तिथून पुन्हा सुरू करायचं. ट्रॅकवरच्या रेसमध्ये, जिथे शेवटच्या फेरीत दुसऱ्याच कुणीतरी येऊन तुम्हाला ठोकतं, तिथे ही सोय मी एकवेळ समजू शकतो. पण पुढच्याच वर्षी ती ‘डर्ट २’मध्ये आली, नंतर ‘डर्ट ३’मध्ये आली, आणि रॅलीच्या मुळाशी सुरुंग लागला.

का, ते सांगतो. टेकडीच्या माथ्यावरून गाडी हवेत जाते तेव्हा पलीकडे काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं. शेजारचा म्हणाला आहे ‘माथ्यावरून उजवं तीन’. त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा, हाच त्या क्षणाचा एकमेव प्रश्न. पाय उचलायचा की नाही? उचलला तर दोन सेकंद गेले. नाही उचलला आणि तुमचा अंदाज चुकला, तर झाड आहे. रिवाइंडचं बटण असेल तर हा प्रश्नच उरत नाही. तुम्ही पाय दाबूनच जाता, पलीकडे काय आहे ते बघून येता, मग मागे जाऊन बरोबर वळता. म्हणजे तुम्ही आता त्या शेजारच्या माणसाचं ऐकत नाही आहात, तुम्ही आधीच उत्तरपत्रिका बघितलेली आहे. एका बटणाने तुमची भीती गेली, सहचालकाची नोकरी गेली आणि रस्त्याची जागा चित्राने घेतली. तीन गोष्टी गेल्या आणि बदल्यात काय मिळालं? ‘स्टेज पूर्ण’ अशी पाटी.

याला उत्तर ठरलेलं आहे आणि ते मी अनेकदा ऐकलंय. ‘अरे बाबा, मी दिवसभर काम करून येतो, रात्री अर्धा तास मिळतो. त्यात शेवटच्या वळणावर गाडी दरीत गेली की सगळं पाण्यात. मला मजा हवी आहे, शिक्षा नको.’ हा युक्तिवाद मी हलका समजत नाही. ज्यांच्या हातांना त्रास आहे, ज्यांना वेगाने बटणं दाबणं जमत नाही, त्यांच्यासाठी सोयी असायलाच हव्यात, आणि त्या मागणारे माझ्या या रागाचे धनी नाहीत. पण थकून आलेल्या माणसाला मजा हवी असेल तर त्यावर उपाय रॅलीच्या आतच आहे. हळू गाडी घ्या. ‘डर्ट रॅली’त सुरुवातीलाच साठच्या दशकातली मिनी कूपर मिळते. तिला ताकद नाही, ती उतारावर सुद्धा विचार करून पळते. तिच्यात बसून वेल्सचं जंगल पार केलं की पहिल्यांदा नोट्स आणि रस्ता एकमेकांना जुळताना ऐकू येतात. छोटं स्टेज घ्या. पाय उचला! पाय उचलायला कुणी बंदी केलेली नाही. बहुतेकांना मात्र ऐंशीच्या दशकातली ग्रुप बी गाडीच हवी असते, जिच्या वेगाने १९८६च्या कॉर्सिका रॅलीत हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांचा जीव गेला आणि त्या वर्षानंतर तो वर्गच बंद करावा लागला. ती गाडी हवी, पहिल्याच संध्याकाळी हवी, आणि तिने कधी आपटायचंही नाही. ही मजेची मागणी नाही. घोड्यावर बसल्याचा फोटो काढून घ्यायची मागणी आहे. माथेरानला मिळतो तसा.

आणि हरण्याबद्दल थोडं. आपण ज्या वयात आहोत त्या वयात आपल्याला हरायला सवडच ठेवलेली नाही. मेसेज पाठवून खोडता येतो, फोटो चांगला आला नाही तर चाळीस वेळा काढता येतो, ऑर्डर आवडली नाही तर परत पाठवता येते. त्या मानाने ‘डर्ट रॅली’तल्या रोजच्या ऑनलाइन स्पर्धा म्हणजे परीक्षाच. एकच संधी. सुरू केलं की केलं. जगभरातली माणसं त्याच रस्त्यावर, त्याच हवामानात एकेकदा जातात आणि जो वेळ लागेल तो लागेल. मी त्या स्पर्धांमध्ये शेकडोंच्या गर्दीत खूप खालच्या नंबरवर आलो आहे, आणि त्यातली एक ग्रीसमधली दगडधोंड्यांची रात्र, एक हेडलाइट गेलेला, बॉनेट फडफडतंय, आणि तरीही गाडी शेवटच्या खुणेपलीकडे नेली, ती रात्र माझ्या लक्षात राहिलेली आहे. रिवाइंड करून जिंकलेल्या स्टेजेसपैकी एकही आठवत नाही. मित्रांना विचारलं, त्यांनाही आठवत नाही.

‘डर्ट’ मालिकेची कहाणी या भांडणाची अख्खी कुंडली आहे. मॅक्रे २००७ साली हेलिकॉप्टर अपघातात गेला. त्यानंतर त्याच्या नावाने सुरू झालेली मालिका हळूहळू जत्रा झाली. केन ब्लॉकचं जिमखाना, फटाके, धूर, गर्दी, ‘ड्यूड, ड्यूड’ करत पाठ थोपटणारे निवेदक. रॅली त्या जत्रेतल्या एका तंबूत ढकलली गेली. २०१२च्या ‘शोडाउन’मध्ये तर गाड्या एकमेकांवर आपटणं हाच खेळ झाला. मग २०१५च्या एप्रिलमध्ये याच कोडमास्टर्सने फार गाजावाजा न करता, अर्धवट अवस्थेत ‘डर्ट रॅली’ विकायला ठेवला. फटाके गेले, निवेदक गेले, रिवाइंड गेलं. अरुंद रस्ता, एक आवाज, एक घड्याळ. आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. ज्या खेळाडूंना ‘एवढं अवघड कुणाला हवंय’ म्हणून इतकी वर्षं गृहीत धरलं होतं, तेच लोक. बाजारालाच सोपं हवं असतं असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

त्याहून मोठा पुरावा ‘रिचर्ड बर्न्स रॅली’. बर्न्स २००१चा जगज्जेता. २००४ साली त्याच्या नावाचा गेम आला तेव्हा तो मेंदूच्या ट्यूमरशी झगडत होता. पुढच्या वर्षी २५ नोव्हेंबरला, जगज्जेतेपदाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, तो गेला, वय ३४. गेमकडे जागतिक रॅली स्पर्धेचा परवाना नव्हता. गाड्या आठ. देश सहा. त्यात शिरल्यावर आधी रॅलीच्या शाळेत जावं लागायचं, आणि ती शाळा लाड करणारी नव्हती. बनवणारी वॉरथॉग ही कंपनी त्याच सुमारास विकली गेली, आणि जिने विकत घेतली तिचं दिवाळं २००६ साली वाजलं. कागदावर हा गेम मेलेला आहे. पण आज, वीस वर्षांनंतर, तो रोज खेळला जातो. हंगेरी आणि चेक प्रजासत्ताकातल्या हौशी मंडळींनी त्याच्या ऑनलाइन स्पर्धा उभ्या केल्या. कुणी शेकडो नवे रस्ते बांधले, कुणी गाडीच्या वागण्याचं गणितच नव्याने लिहून काढलं, कुणी त्याला व्हीआर हेडसेट जोडला. पैसे मिळत नसताना. कशासाठी? ग्राफिक्ससाठी तर नक्कीच नाही, झाडं अजून पुठ्ठ्याची दिसतात. त्या गेमने सुरुवातीलाच जमीन खरी ठेवली आणि चूक खरी ठेवली, म्हणून त्यावर घर बांधणं त्या लोकांना वर्थ वाटलं. कापडावर कुणी घर बांधत नाही.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. २०२१ साली ईएने कोडमास्टर्स विकत घेतली. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ‘ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी’ आला. यात अधिकृत परवाना होता, दोनशेच्या वर स्टेजेस होते, त्यातले काही तीस किलोमीटरपेक्षा लांब. तीस किलोमीटर! वीस मिनिटं सलग ऐकत राहायचं. ही गोष्ट मला मनापासून आवडली, आणि गाडीच्या वागण्यामागे खरे चालक होते. २०१८चा ई-स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी विजेता जॉन आर्मस्ट्राँग, जो प्रत्यक्षातही रॅली चालवतो, तो कोडमास्टर्समध्ये काम करत होता. पण पीसीवर सुरुवातीला चित्र अडखळायचं, आणि रॅलीत चित्र अर्धा सेकंद अडखळणं म्हणजे किन्नराला ऐन वेळी उचकी लागणं. दीड वर्षात, २०२५मध्ये, कंपनीने जाहीर केलं की या गेमचं काम इथेच थांबतंय. पंचवीसहून जास्त वर्षं रॅलीचे गेम बनवणारी मंडळी, मॅक्रेपासूनची परंपरा, एका निवेदनात आटोपली. परवाना भाड्याचा असतो. भाडेकरू बदलला की घरातलं सामान रस्त्यावर येतं. म्हणून ‘अधिकृत’ हा शब्द डब्यावर दिसला की मी खूश होत नाही, त्यावरची तारीख वाचतो.

‘आर्ट ऑफ रॅली’चं काय, असं कुणीतरी विचारणारच. २०२०चा हा देखणा गेम वरून, लांबून दिसतो, त्यात गाड्या खेळण्यांसारख्या आहेत आणि सहचालकच नाही. माझ्या निकषावर तो पहिल्याच फेरीत बाद व्हायला हवा. होत नाही, कारण त्याची जमीन खरी आहे, गाडी झुलवली की झुलते, आणि करिअरमध्ये पुन्हा सुरू करण्याच्या संधी मोजून मिळतात. पण पुढचं वळण डोळ्यांना आधीच दिसत असतं, त्यामुळे रॅलीतला अर्धा जीव कॅमेऱ्याने काढून घेतला आहे असं मी अजूनही म्हणेन. तो रॅलीबद्दलचा सुंदर गेम आहे. आवडीने खेळतो. आठवड्यातून एकदा.

फोनवाल्यांसाठी उत्तर छोटं आहे. स्टोअरमध्ये ‘रॅली’ शोधलं की जे दहा-वीस फुकट गेम समोर येतात त्यातल्या बहुतेकांत पेट्रोल संपतं, ते भरायला जाहिरात बघावी लागते, आणि रस्ता हायवेएवढा रुंद असतो. ते सोडा. ब्राउनमॉन्स्टरचा ‘रश रॅली ३’ एकदा पैसे देऊन घ्या. एका बाहेरच्या चहा-सँडविचएवढ्या पैशांत खडी, बर्फ आणि डांबर यांतला फरक अंगठ्यांना कळतो. हेडफोन लावून.

आणि आता माझी मागणी, जी इतक्या वर्षांत बड्या कंपन्यांनी मनावर घेतलेली मला दिसलेली नाही. मला रेकी हवी आहे. खरे चालक दोनदा रस्ता बघून स्वतःच्या नोट्स लिहितात, आणि आम्हाला मात्र गेममध्ये दुसऱ्याने लिहिलेल्या, सगळ्यांना सारख्याच नोट्स मिळतात. माझं ‘चार’ आणि फिनलंडच्या जगज्जेत्याचं ‘चार’ एक कसं असेल? ‘रिचर्ड बर्न्स’च्या त्या हौशी मंडळींनी नोट्स स्वतः लिहायची सोय करून घेतली आहे, म्हणजे ते अशक्य नाही. गौरव गिल हा अर्जुन पुरस्कार मिळवणारा पहिला मोटरस्पोर्टपटू, २०१९ साली. त्याचं नाव निदान काहींना माहीत आहे. त्याच्या शेजारी बसून राष्ट्रीय रॅलीत वही वाचणाऱ्या मूसा शरीफचं नाव किती जणांनी ऐकलंय? नाशिकच्या परिसरात राष्ट्रीय मालिकेतली रॅली झालेली आहे, पण धूळ उडवणाऱ्या गाडीचा व्हिडिओ शेअर करणाऱ्यांना त्या गाडीत दोन माणसं असतात हेही लक्षात येत नाही. गेममध्ये वही आली तर येईल.

कल्पना करा, स्टेज सुरू होण्याआधी गेम तुम्हाला एक साधी गाडी देतो, ताशी साठची मर्यादा घालतो आणि म्हणतो, बोला. माईक चालू. तुम्ही मराठीत बोलताय. ‘डावं, मोठं, मोकळं. पुढे पूल, अरुंद. उजवं, चिंचेनंतर लगेच, आवळतंय, आत मोरी.’ दुसऱ्या फेरीत त्यातलं निम्मं खोडताय, कारण ‘मोकळं’ लिहिलेलं वळण तितकं मोकळं नाही. मग रात्री मित्राला फोन: उद्या तू वाच, मी चालवतो. तो शेजारी बसून नाहीतर कॉलवर, तुमची वही वाचतोय. तो एक ओळ चुकला तर दोघं दरीत. हे बनवायला नवं इंजिन लागत नाही, परवाना लागत नाही, चारशे गाड्या लागत नाहीत. एक वही लागते, आणि मुख्य म्हणजे मागे जायचं बटण नसावं लागतं, कारण ते असेल तर वही लिहायचे कष्ट कुणीच घेणार नाही.